घाट उतरण्याआधी उद्यमनगर

कोल्हापूरला जाऊन आलेल्या माणसाला काय काय पाहिले असे विचारा. तो अंबाबाईचे देऊळ, रंकाळा, नवा राजवाडा आणि जोतिबाचा डोंगर ही नावे सांगेल. बाजाराच्या कामाने गेला असेल तर गुळाच्या पेठेचे नाव घेईल. उद्यमनगर पाहून आलो असे सहसा कोणी सांगत नाही. तिथे देऊळ नाही, तळे नाही, बसायला बागही नाही. पण ज्यांच्या शेतात इंजिन आहे, रानात गुऱ्हाळ आहे किंवा दारात ट्रॅक्टर आहे, त्यांच्या घरातला एक तरी माणूस कधी ना कधी तिथे जाऊन आलेला असतो. काम झाले की तो परत येतो आणि त्या जागेबद्दल कोणाला काही सांगत नाही. म्हणून आज वाचकांना या उद्यमनगरात न्यायचे आहे, आणि तिथून पुढे गगनबावड्याच्या घाटाने खाली कोकणात.

आमचे गाव वारणाकाठचे. घरी १९७४ सालची जीप आहे. आबांनी उसाच्या बिलातून ती घेतली, आणि तेव्हापासून घरातल्या माणसासारखीच ती घरात आहे. बी-बियाणे, खताची पोती, बाळंतिणीला दवाखान्यात नेणे, नवरदेवाची वरात, सगळी कामे तिने केली. आता रोजच्या कामाला दुसरी वाहने आहेत. पण वर्षातून एकदा, गळीत हंगाम संपला आणि पाऊस अजून लांब असला, की आम्ही जीप घेऊन आत्याच्या घरी वैभववाडीकडे जातो. जाताना गूळ, शेंगा आणि ज्वारी. येताना नारळ, आमसुले आणि आंब्याच्या पेट्या.

जीप आपल्याकडे आली कशी

जीप मूळची अमेरिकेतली, दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बनवलेली. महिंद्रांची कंपनी १९४५ साली लुधियानात स्थापन झाली आणि १९४७ पासून मुंबईत जीपगाड्यांची जोडणी सुरू झाली. ज्या उंच बोनेटच्या गाडीला आपण ‘जुनी महिंद्रा’ म्हणतो, तो नमुना अमेरिकेत १९५३ साली निघाला. तिथले इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होते, म्हणून बोनेटही उंच करावे लागले. अमेरिकेत हा नमुना १९६८ साली बंद झाला. आपल्याकडे मात्र तो पुढे कित्येक वर्षे तयार होत राहिला, आणि खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांवर त्याने आपले आयुष्य काढले.

आपल्या भागात जीप म्हटले की ‘वडाप’ आठवते. एस.टी. चुकली की तिठ्यावर वडाप उभे असायचे. आत माणसे, मागे लोंबकळणारी माणसे, टपावर बोचकी. या गाडीच्या मागच्या एक्सलने किती भार सोसला असेल याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आज अशा जुन्या जीपगाड्या वडापात फारशा दिसत नाहीत. पण अनेक घरांच्या गोठ्याशेजारी एखादी उभी असते. ती हौसेने वापरली जाते, आणि हौसेच्या गाडीकडे रोजच्या गाडीइतके लक्ष जात नाही.

अंगणातला तेलाचा ठिपका

या वर्षी निघायच्या चार दिवस आधी अंगण झाडताना वहिनींना डाव्या मागच्या चाकाजवळ काळसर ठिपका दिसला. त्यांनी आबांना हाक मारली. आबांनी बोट लावून पाहिले, नाकाशी नेले आणि म्हणाले, “हे हौसिंगमधलं तेल आहे.”

हा फरक प्रत्येक गाडीवाल्याला कळला पाहिजे. मागच्या एक्सलच्या हौसिंगमध्ये घालतात ते ‘नव्वद नंबर’चे तेल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. ब्रेक ऑईल पाण्यासारखे पातळ असते. चाकाच्या आतल्या अंगाला दाट, वासाचे तेल दिसले तर ऑईल सील गेले असे समजावे. पातळ तेल दिसले तर ब्रेकचा चाकाजवळचा सिलिंडर गळतो आहे. दोन्ही दुखणी वाईटच, पण औषध वेगळे.

गेले काही दिवस गाडीच्या मागच्या अंगाला घरघर ऐकू येत होती. वेग वाढला की ती वाढे, आणि क्लच दाबून गाडी नुसती पळू दिली तरी थांबत नसे. इंजिनाचा आवाज असता तर इंजिन मंदावताच तो बदलला असता. आबांनी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, मागचे चाक जॅकवर उचलले आणि हाताने फिरवले. एक हात बॅकप्लेटवर ठेवला. आत खरखर लागत होती, जात्यात खडा अडकल्यावर लागते तशी. मग चाक वर-खाली हलवून पाहिले. ते हलत होते.

बैलगाडीचा आख आणि जीपचा एक्सल

बैलगाडीत आख जागच्या जागी असतो आणि चाक त्याच्यावर फिरते. चाक निसटू नये म्हणून टोकाला खीळ असते. वंगण आटले की चाक कुरकुरते आणि गाडीवान वंगणाचे नळकांडे काढतो. जीपचे मागले चाक याहून निराळे आहे. इथे एक्सल चाकाबरोबर फिरतो आणि फिरता फिरता गाडीचा भारही पेलतो. एक्सल बाहेर पडतो त्या हौसिंगच्या टोकाला बेअरिंग असते. सगळा भार, वळणावरचा रेटा आणि खड्ड्याचा दणका या एका बेअरिंगवर येतो.

हे बेअरिंग निमुळत्या रुळांचे असते. त्यात एक्सलवर घट्ट बसणारा कोन असतो, हौसिंगमध्ये बसणारा कप असतो, आणि दोहोंच्या मध्ये एका बाजूला निमुळते होत गेलेले लहान लहान रूळ. या जातीच्या बेअरिंगचे पेटंट अमेरिकेत हेन्री टिमकेन यांना १८९८ साली मिळाले. ते घोडागाड्या बनवणारे कारागीर होते. वळणावर घोडागाडीच्या चाकाला बाजूचा रेटा बसतो, तो पेलणारे काही तरी हवे, या गरजेतून हे बेअरिंग आले. म्हणजे गाडीवानाच्या अडचणीतून जन्मलेली ही वस्तू आहे.

बेअरिंगच्या आतल्या बाजूला एक ऑईल सील असते. हौसिंगमधले तेल बेअरिंगकडे येऊ नये एवढेच त्याचे काम. बाहेरच्या बाजूला दुसरे सील असते. ते बेअरिंगचे ग्रीस ब्रेकच्या ड्रमात जाऊ देत नाही. सीलची किंमत रानातल्या एका माणसाच्या दिवसाच्या मजुरीपेक्षाही कमी. पण आतले सील गेले की तेल ग्रीस धुऊन नेते, बेअरिंग खराब होते, बेअरिंग सैल झाले की एक्सल डुगडुगतो, आणि एक्सल डुगडुगला की बाहेरचे सीलही फाटते. मग तेल ब्रेकच्या लायनरवर येते.

तेल लागलेल्या लायनरने ब्रेक कसा लागणार? सपाट रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढते एवढेच कळते. घाटात तेच जिवावर बेतते. हे माहीत असल्याने आबांनी ठरवले की कोकणात जायचे ते उद्यमनगरातूनच जायचे.

कामाचे गाव

गाडी सावकाश चालवत आम्ही सकाळीच कोल्हापूर गाठले. बायकामुले देवीच्या दर्शनाला गेली आणि आम्ही उद्यमनगरात शिरलो.

पहिली ओळख होते ती आवाजाने आणि वासाने. कुठे लेथवर लोखंड कापल्याची चर्रर्र, कुठे घणाचा ठोका, कुठे वेल्डिंगचा निळा लखलखाट. कापताना तापलेल्या तेलाचा वास सगळ्या गल्लीत. दुकाने लहान, दारे मोठी. एका दारात ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स उघडून ठेवलेला, दुसऱ्या दारात पंपाचे पंखे ओळीने मांडलेले, तिसरीकडे गुऱ्हाळाच्या चरकाचा दातेरी गाडा दुरुस्तीला आलेला. एका ठिकाणी नुसते क्रँक घासतात, एका ठिकाणी नुसत्या चाव्यांच्या खाचा पाडतात. एकाचे काम संपले की माणूस वस्तू खांद्यावर घेऊन शेजारच्या दुकानात जातो. बाजूलाच वाय. पी. पोवारनगर आहे, तिथेही हीच वस्ती, हेच उद्योग.

कोल्हापूरला यंत्राचे वेड जुने आहे. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्याचा अभ्यास करून सिनेमाचा कॅमेरा याच गावात तयार केला, आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. म्हादबा मेस्त्रींचे नाव जुने कारागीर अजून आदराने घेतात. आजच्या सांगली जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हाती आला. पुढे नदीकाठी पाणी उपसायला ऑईल इंजिने आली. ऊस वाढला, गुऱ्हाळे वाढली. यंत्र आले म्हणजे ते बिघडणारही. ते दुरुस्त करणारा हवा, दुरुस्तीला सुटा भाग हवा, आणि सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत ऊस वाळणार. म्हणून इथल्या मिस्त्रींनी तो भाग इथेच घडवायला घेतला. पुढे ओतकामाच्या भट्ट्या पेटल्या. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलकडच्या औद्योगिक वसाहतींतून आज मोटारींचे आणि ट्रॅक्टरचे ओतीव भाग बाहेर जातात. या मोठ्या झाडाचे मूळ आपल्या विहिरीवरच्या इंजिनात आहे. शेतकऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

मिस्त्रींच्या दारात

आबांच्या ओळखीचे एक वयस्क मिस्त्री आहेत. जुन्या जीपगाड्यांचे काम ते अजून करतात. गाडी दारात थांबायच्या आधीच त्यांनी मान वर केली.

“पाव्हणं, डावं बेअरिंग बोलतंय की.”

“म्हणून तर आलो मिस्त्री. परवा बावड्याचा घाट उतरायचाय.”

“मग उजवंबी उघडायचं. एक बाजू नवी आन् एक जुनी ठिवून घाटात जायाचं नसतंय.”

काम सुरू करण्याआधी त्यांनी एक गोष्ट पोराकडून करून घेतली. ती ही जीप बाळगणाऱ्या प्रत्येकाने शिकावी. पोराने हँडब्रेक ओढला तेव्हा मिस्त्री म्हणाले, “तेच्यावर जाऊ नगंस. आदी दगडं लाव.” या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो गिअरपेटीच्या मागे, दांड्यावर असतो. मागचे एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळे फिरते, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घसरू शकते. म्हणून पुढच्या चाकांना पुढून-मागून अडकण हवी. हौसिंगखाली लोखंडी घोडी हवी. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कोणी शिरू नये.

चाक काढले. जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकाचे नट उलट्या आट्याचे असू शकतात, तेव्हा पान्याला जोर लावण्याआधी ते पाहून घ्यावे. मग मधला मोठा नट. त्याची स्प्लिट पिन काढून नट सोडवला. हब एक्सलच्या निमुळत्या टोकावर चावीच्या आधाराने घट्ट बसलेला असतो. तो हाताने निघत नाही. अनेक जण इथे घण उचलतात. तो घाव एक्सलच्या टोकावर बसतो, आटे चेपतात, आणि आतल्या बाजूला दोन्ही एक्सलच्या मध्ये जो ठोकळा असतो त्यालाही मार बसतो. मिस्त्रींनी पुलर लावला, स्क्रू ताणला, एकदाच हलका ठोका दिला, आणि हब फटकन सुटला.

ड्रम निघाला तेव्हा आतले चित्र दिसले. लायनर तेलाने काळे झालेले, खाली तेल आणि धूळ यांचा चिखल. पोराने हवेची नळी घेतली तसा मिस्त्रींनी त्याचा हात धरला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ छातीत गेली तर वर्षांनंतर मोठे दुखणे देते. ती उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरायचेही नाहीत. वरून कोरडे दिसतात, पण ड्रम तापला की आतले तेल पुन्हा वर येते. लायनर बदलायचे, आणि दोन्ही चाकांचे बदलायचे.

बॅकप्लेट सोडवताना तिच्या मागे पातळ पत्र्याच्या चकत्या निघाल्या. त्यांना शिम म्हणतात. मिस्त्रींनी डाव्या बाजूच्या शिम एका डब्यात आणि उजव्या बाजूच्या दुसऱ्या डब्यात ठेवल्या. मग एक्सल बाहेर ओढला. बेअरिंगच्या रुळांवर खड्डे पडलेले होते. कपाच्या आतल्या पृष्ठभागावर देवीचे व्रण असावेत तसे डाग.

खडूने दिसणारी चीर

दोन्ही एक्सल घेऊन आम्ही शेजारच्या लेथवाल्याकडे गेलो. त्याने एक्सल दोन टोकांच्या मध्ये धरून फिरवला आणि सरळ आहे की नाही ते पाहिले. मग मिस्त्रींनी जुनी परीक्षा घेतली. एक्सल स्वच्छ पुसला, रॉकेलमध्ये भिजवला, पुन्हा कोरडा केला आणि चावीच्या खाचेच्या आसपास खडू फासला. हलकेच ठोकले. चीर असती तर तिच्यात शिरलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटली असती. खडू पांढराच राहिला. आबांनी सुस्कारा सोडला.

एक दोष मात्र निघाला. सीलची कड जिथे एक्सलवर घासते, तिथे बारीक चर पडला होता. वर्षानुवर्षे धूळ आणि रबर एकाच जागी घासले की लोखंडालाही चर पडतो. अशा चरावर नवे सील बसवले तर ते पहिल्याच आठवड्यात गळू लागते, आणि माणूस सीलला दोष देतो. चर खोल असेल तर त्यावर पातळ बाही चढवतात. आमचा उथळ होता. लेथवाल्याने तेवढा भाग बारीक कागदाने गुळगुळीत केला, आणि सीलची कड जरा पुढे-मागे पडेल असे बसवायचे ठरले.

जुने कोन दाबयंत्रावर काढले आणि नवे चढवले. चढवताना दाब कोनाच्या आतल्या कड्यावरच द्यायचा असतो. रुळांच्या जाळीवर दाब गेला तर नवे बेअरिंग बसवतानाच खराब होते. गॅसच्या ज्योतीने तापवणेही घातक, कारण पोलादाचे पाणी उतरते. कोन नवा आणि कप जुना अशी काटकसरही करू नये. बेअरिंग पक्क्या बिलावर, खात्रीच्या दुकानातून घ्यावे. नावाजलेल्या खोक्यात बनावट माल मिळतो, तो घाट चढेपर्यंतही टिकत नाही.

ब्रीदरची गोष्ट

कामाच्या मधल्या वेळात चहा आला. मी विचारले, “मिस्त्री, सील गेलं कशानं?”

त्यांनी हौसिंगच्या वर बोट दाखवले. तिथे अंगठ्याएवढे एक टोपण होते, चिखलाने पूर्ण लिंपलेले. त्याला ब्रीदर म्हणतात. गाडी चालली की आतले तेल आणि हवा तापते, हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. ब्रीदर बुजला की हवेला वाट राहत नाही. मग ती तेलाला सीलकडे रेटते. झाकण घट्ट लावलेल्या पातेल्यासारखे होते. आम्ही दर पावसाळ्यात चिखलाच्या पाणंदीतून गाडी घालतो, तेव्हा तो बुजणारच. तारेने तो मोकळा करायला पाच मिनिटे पुरतात. तेल भोकापर्यंतच भरावे, त्याच्या वर भरले तरी सीलवर भार येतो.

दुपारनंतर जोडणी सुरू झाली. आतले सील थोडा वेळ तेलात भिजवून, त्याची कड तेलाच्या बाजूला ठेवून, नळीच्या तुकड्याने चारी बाजूंनी सारखे ठोकून बसवले. नवे बेअरिंग तळहातावर ग्रीस घेऊन भरले, रुळारुळांतून ग्रीस बाहेर येईपर्यंत. एक्सल आत घालताना मिस्त्रींनी तो दोन्ही हातांनी उचलून धरला. तो सीलवर टेकला तर टोकाचे दाते सीलची कड कापतात, आणि दिवसभराचे काम वाया जाते.

शेवटी शिमचा हिशेब. एक्सलला आत-बाहेर अगदी थोडी सूट ठेवावी लागते. नसेल तर बेअरिंग तापून आवळते, जास्त असेल तर चाक डुगडुगते. ही सूट इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. वहीच्या एका कागदाच्या जाडीच्या आसपास म्हटले तरी चालेल. दोन्ही एक्सल मधल्या ठोकळ्याला टेकलेले असल्याने एका बाजूची सूट दुसऱ्या बाजूवर अवलंबून असते. म्हणून शिम दोन्ही बाजूंना सारख्या विभागतात. मिस्त्रींनी घड्याळासारखे मापयंत्र लावले, एक शिम काढली, पुन्हा मोजले, आणि मान डोलावली.

हब बसवण्याआधी एक्सलचे निमुळते टोक कोरडे पुसले. तिथे ग्रीस लावायचे नाही. चावी नवी घातली. नट पूर्ण जोराने आवळला. पिनचे भोक जुळले नाही तेव्हा नट मागे न सोडता पुढेच ओढला आणि पिन घातली. नट सैल राहिला तर हब हलतो आणि चावी तुटते. चावी तुटली की मागच्या चाकांची ओढ जाते, आणि आधी सांगितलेल्या कारणाने हँडब्रेकही निकामी होतो. चढावर उभी गाडी तशीच मागे येते.

“दोनशे किलोमीटर झालं की नट पुन्हा एकदा आवळून घ्या,” मिस्त्री म्हणाले. “नवं काम बसतंय तवा जरा ढिलं पडतंय.”

बावड्याची वाट

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. कोल्हापूरहून गगनबावडा सुमारे पंचावन्न किलोमीटर. बालिंग्याला भोगावतीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंनी ऊस लागतो. कळे गावापर्यंत मुलूख आपल्यासारखाच, काळ्या मातीचा. पुढे कुंभीच्या खोऱ्यात डोंगर जवळ येतात, ऊस कमी होतो, भाताची खाचरे दिसू लागतात. माती तांबडी होते. घरांवरची कौले उतरती होतात. पळसंब्याजवळ ओढ्यातल्या कातळात कोरलेले रामलिंग आहे. वेळ असेल तर मुलांना जरूर दाखवावे. आम्ही तिथेच भाकरी सोडली.

गगनबावडा हे राज्यातल्या अतिपावसाच्या ठिकाणांपैकी एक. पावसाळ्यात ढग गावातच उतरलेले असतात. वर गगनगड आणि गगनगिरी महाराजांचा मठ. गावातून कोकणात दोन वाटा उतरतात. एक करूळ घाटाची, ती थेट वैभववाडीला जाते. दुसरी भुईबावड्याची, ती खारेपाटणच्या बाजूला. दरडी आणि रस्त्याची कामे यांमुळे घाट मधूनमधून बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावी.

करूळ घाटाच्या तोंडाशी उभे राहिले की पायाखालची जमीन संपल्यासारखी वाटते. खाली कोकण, हिरवे आणि धुरकट. आमच्या मुलांनी “आत्याचं घर दिसतंय का?” म्हणून डोळे ताणले. आबांनी मात्र गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून दोन्ही मागच्या चाकांची आतली बाजू पाहिली. कोरडी होती. मग ते बसले आणि लहान गिअरमध्ये गाडी सोडली.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुना नियम. इंजिनच गाडीला धरून ठेवते, आणि ब्रेक गरजेपुरता राहतो. सतत ब्रेक दाबत उतरले तर चांगले ब्रेकही तापून निकामी होतात. आमच्या शेजारून एक लादलेला टेंपो गेला, त्याच्या चाकातून जळका वास येत होता. पुढच्या वळणावर तो बाजूला घेऊन उभा होता. चालक पाण्याची बाटली हातात घेऊन चाकाकडे निघाला होता. आबांनी गाडी थांबवली आणि त्याला सांगितले, “दादा, पाणी मारू नका, तापलेला ड्रम तडकतो. अर्धा तास तसाच थंड होऊ दे.” त्याने ऐकले.

घाट उतरून सपाटीला आलो तेव्हा आबांनी गाडी आंब्याच्या सावलीत घेतली. चारी ड्रमांजवळ हाताची पाठ नेऊन ऊब पाहिली. मागचे दोन्ही सारखेच कोमट. एक जास्त तापला असता तर ब्रेक धरून राहिला आहे किंवा बेअरिंग आवळले आहे असे समजायचे होते. वैभववाडीला पोचलो तेव्हा रेल्वेची शिटी ऐकू येत होती, आणि आत्या दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती.

घरी जुनी गाडी असेल तर

ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांनी पाऊस सुरू होण्याआधी आणि लांबच्या प्रवासाआधी पाच गोष्टी पाहाव्यात. मागच्या चाकांची आतली बाजू कोरडी आहे का. चाक उचलून फिरवले तर खरखर लागते का. वर-खाली हलवले तर हलते का. ब्रीदर मोकळा आहे का. हौसिंगचे तेल भोकापर्यंत आहे का. या पाचही गोष्टींना एक जॅक, दोन दगड, एक पाना आणि तासभराचा वेळ पुरतो. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची फेरनोंदणी करावी लागते, तिची मुदतही त्याच वेळी पाहून ठेवावी. संशय आला तर जवळच्या जाणत्या मिस्त्रीकडे जावे, आणि ‘एकच बाजू करा’ असा आग्रह धरू नये.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्या हातांनी आमचे काम केले ते आता थकले आहेत. मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा हुशार आहे, पण त्याच्या वयाची मुले या कामाला फार थोडी येतात. पुलर कुठे लावायचा आणि घण कधी उचलायचा नाही, हे अशा कारागिराजवळ उभे राहूनच नीट कळते. आपल्या घरातल्या एखाद्या मुलाला यंत्राची आवड असेल, तर सुट्टीत त्याला चार दिवस अशा मिस्त्रींकडे बसवावे. कोल्हापूर लांब पडत असेल तर आपल्या तालुक्याच्या गावी असा एखादा मिस्त्री अजून असेलच. त्याच्याकडे जाताना कामाचे पूर्ण पैसे आणि थोडा वेळ, दोन्ही बरोबर न्यावे.